वहिनींची बोलकी शिकवणी

वहिनींकडे अकाउंटची शिकवणी लावली की पहिल्याच दिवशी पुस्तक हातातून जायचं. माझं थेट फ्रिजवर गेलं. "ग्वारीघाटला कशी जातेस, सांग," त्या म्हणाल्या. मी हातवारे करत, वाटेतल्या ओळखीच्यांची भांडणंसुद्धा सांगत सुटले. वहिनी खो खो हसल्या. "तू बोलून शिकणारी आहेस. चूप बसून रट्टा मारून राहिली, म्हणून नापास झाली!" माझ्यासोबतच्या आशिषनं याच प्रश्नाला कागद मागून नकाशा काढला होता. त्याला त्या सगळं आकृत्यांनी शिकवायच्या.

चेरीताल मोहल्ल्यातल्या या वहिनी एका फॅक्टरीच्या अकाउंट विभागातून निवृत्त झालेल्या. बाबा त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी गाईडमधली सोडवलेली गणितं पाठ करून गेले. पेपरात आकडे बदललेले, तरी गाईडमधलेच उतरवून आले! बाबांनी सांगून टाकलं, यंदाही वर्ष गेलं तर कॉलेज बंद, कटनीला मामाच्या बांगड्यांच्या दुकानात बसायचं. मामा भला माणूस, पण मला ते दुकान नको होतं हो.

वहिनी मटार सोलता सोलता शिकवायच्या. "एंट्री म्हणजे चुगली. कोणी घेतलं, कोणी दिलं, एवढंच सांगायचं. घेणाऱ्याचं नाव आधी." चुगलीत तर मी पटाईत! चुकलं की त्या म्हणायच्या, "अच्छा? मग त्यानं काहून दिलं?" आणि थांबायच्या. घरी "चूप बस" ऐकत वाढलेली मी. माझं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतं, हेच मला नवं होतं.

पण परीक्षेत बोलणार कशी? वहिनींनी माझ्या तोंडात लवंग ठेवली. "ओठ मीट. आता मनातल्या मनात मला सांग." पेपरला लवंग दाताखाली धरून मी अख्खा ताळेबंद वहिनींना सांगितला. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा वर्गातच त्यांना हाक मारावीशी वाटली.

निकाल लागला तोवर त्या भोपाळला लेकाकडे गेल्या होत्या. वयानं त्यांचे कान फारच गेले होते, त्यांना एकटं ठेवायला लेक तयार नव्हता. मी फोनवर ओरडले, "वहिनी, पास झाले!" "कोण बोलतं?" त्या विचारत राहिल्या. शेवटी सुनेनं हाताच्या खुणांनी समजावलं.

आता मी राइट टाउनमध्ये एका सीएंकडे नोकरी करते. स्कूटी चेरीतालवरून नेते, पण वहिनींच्या बंद दाराकडे बघवत नाही. फार आठवण येते त्यांची. रविवारी फोन लावते आणि आठवड्याचं सगळं सांगत बसते. पलीकडे सून म्हणते, "आई, ऐकू येत नाही तर द्या न इकडे."

वहिनी फोन देत नाहीत. "राहू दे वं," त्या सुनेला म्हणतात, "पोरीचं सांगून झालं नसेल अजून."