उलट्या दिशेचे चार गुण

बास्केटबॉलमध्ये मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे शाळेतल्या पोरींनाही ठाऊक असतं. मुख्य पंच म्हणून माझ्या पहिल्याच अंतिम सामन्यात मी नेमकं तेच विसरले.

कोथरूडच्या मैदानावर मुलींचा सामना होता. मध्यंतरानंतर मी एका खेळाडूच्या हातात चेंडू दिला, ठसक्यात दिशा दाखवली, आणि त्या गुणी मुली पंचांवर विश्वास ठेवून जुन्याच बास्केटकडे धावल्या. एका संघाने चार गुण केलेसुद्धा. मग माझी चूक माझ्या लक्षात आली. शिट्टी वाजवून मी खेळ थांबवला.

नियम पाठ होता: दिशा लगेच सुधारायची, झालेले गुण कायम. तो मी दोन्ही प्रशिक्षकांना सांगितला. दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले, "वा! शिट्टीबरोबर होकायंत्र देत नाहीत वाटतं हल्ली."

माझे जोडीदार पंच शेजारी येऊन उभे राहिले. पंचगिरीत केस पिकलेले, सगळे त्यांना सर म्हणायचे. "अहो, नियम बरोबर सांगतायत त्या. खेळू द्या मुलींना," एवढंच ते बोलले. प्रशिक्षकांचा संघ तीन गुणांनी हरला आणि त्यांनी तक्रार नोंदवली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

अहवालात मी चूक माझी म्हणून लिहिलं. आपली पंचगिरी संपली, हे धरूनच चालले होते. सरांनी कागद ओढून घेतला आणि खाली लिहिलं, दिशा दोघांनी तपासायची असते, मीही तपासली नाही. वर सही ठोकली.

"सर, तुम्ही कशाला?"

"खोटं लिहिलंय का काही? चला, चहा घेऊ."

एकटी असते तर संघटनेनं मला कायमचं काढलं असतं. त्यांच्या सहीमुळे दोघांनाही फक्त एका मोसमापुरतं बाहेर बसवलं. पुढच्या मोसमात मी परतले, पण यादीत सर नव्हते. चौकशी केली तेव्हा कळलं, पंचांची वयोमर्यादा त्यांनी ओलांडली होती. मी घालवलेला मोसम त्यांचा शेवटचा होता, आणि सही करताना त्यांना ते माहीत होतं.

त्याच संध्याकाळी बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेले. आभार मानायचे शब्द रस्ताभर जुळवले होते, पण दार उघडताच वाकून नमस्कार केला. "अहो, काय हे," म्हणत ते पाणी आणायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.