माणसांचे कान बघणारे विसूकाका

विसूकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कानाकडे बघत. कारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी पदर, पर्स आणि नवी चप्पल सावरत त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि हे गृहस्थ माझ्या डाव्या कानाशी बोलायला लागले. नागपूरची ना, बरं झालं, दवाखान्यात कान तपासायला आपलं माणूस आलं, वगैरे. दिवसभर मी कुडी चाचपत होते. संध्याकाळी कळलं की पाचशे कामगारांना ते असेच बघतात आणि मागून नुसता कान दिसला तरी नाव सांगतात.

बनारसच्या बाहेर इंजिनांचे पत्रे घडवणारा आमचा कारखाना. काका तिथे सुरक्षा पर्यवेक्षक. घर बालाजी घाटामागच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, त्यामुळे मराठी निम्मी हिंदीत बुडवलेली. "अगं, जरा फुरसतीत बैस, मग बताव," असं म्हणायचे आणि आपण काही वेगळं बोललो हे त्यांच्या गावीही नसायचं. वडील दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचे विधी करायचे. मुलानं कारखाना धरला म्हणून ते म्हणे वर्षभर बोलले नाहीत. काका म्हणत, "बाबा यात्रेकरूंच्या कानावर मंत्र घालायचे, मी मजुरांच्या कानात बोळे घालतो. घराण्याचा धंदा काही सुटला नाही बघ."

ते बोळे म्हणजे फोमचे, पिवळे, दाबून कानात बसवायचे. ते घालून घेणं सोपं नव्हतं. बनारसी माणसाच्या कानाच्या वळीत आधीच अत्तराचा फाया असतो. ‘आमच्या कानात कापूस आहेच की पंडितजी,’ असं जो तो हसत सांगे. काका तो फाया काढून शांतपणे हुंगत आणि म्हणत, "ये खस का इत्तर है, बचाव नहीं है." मग फाया परत जागच्या जागी ठेवत आणि बोळे पुढे करत.

पत्रे ठोकायच्या खात्यात तर बोळ्यांना कुणी हात लावेना. तिथे लल्लन मिस्त्रीचा शब्द चाले. सगळ्यात जुना माणूस, तो करील तसं खातं करी. ठोका नीट बसला की नाही हे आम्ही आवाजावरून ओळखतो, कान बुजवले तर काम कसं करायचं, असं त्याचं म्हणणं. काका तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी जाऊन बसले. चौथ्या दिवशी लल्लननं बोळे घातले आणि म्हणाला, "पंडितजी कह रहे हैं तो लगा लेते हैं." आठवड्याभरात अख्खं खातं पिवळ्या कानांचं झालं. काकांनी मला कचोरी खाऊ घातली.

दर वर्षी मी सगळ्यांचे कान तपासत असे. काचेच्या खोलीत बसवायचं, बारीक सूर ऐकवायचे, ऐकू आला की माणसानं बोट वर करायचं. तिसऱ्या वर्षी लल्लन आत बसला होता, बोट तयार ठेवून, शहाण्या विद्यार्थ्यासारखा माझ्याकडे बघत. मी सूर वाढवत गेले. बोट वर जाईना. यंत्र तपासलं, यंत्र ठीक होतं. मला रागच आला, काकांना म्हटलं, हा बोळे लावतच नसणार. काका म्हणाले, "लावतो. मी रोज बघतो."

दुसऱ्या दिवशी ते पूर्ण पाळी लल्लनसमोर स्टूल टाकून बसले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आले ते दोन विडे घेऊनच. दोन्ही कानांत बोळे घातले, विडा तोंडात टाकला आणि मला घड्याळ बघायला सांगितलं. वीस मिनिटं हा माणूस म्हशीसारखा रवंथ करत बसला होता, शर्टावर लाल थेंब, आणि मी हसून बेजार. जबडा हलत होता तसतसा बोळा केसाकेसाने बाहेर येत होता. शेवटी एक टपकन मांडीवर पडला. काका हसले नाहीत. "जन्मभर लोकांचे कान बघितले गं, जबडा बघितला नाही. बनारसमध्ये राहून."

आता काका कारखान्यातून जाऊन दोन वर्षं झाली. त्या खात्यात आज प्रत्येकाच्या कानांवर बाहेरून बसणारे मोठे इअरमफ आहेत, पान खाल्लं तरी न हलणारे. काकांचा निरोपसमारंभ मात्र झाला नाही. का, ते सांगायलाच हवं.

लल्लनच्या बहिरेपणाची चौकशी लागली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे कागद तयार होता, ‘कामगार बोळे वापरत नव्हता.’ त्यावर काकांनी सही केली की दोष लल्लनचा, त्याचं काम गेलं, आणि इअरमफ आणायचं कारणही गेलं. सही केली नाही तर दोष काकांचा, आणि जाणार ती त्यांची नोकरी. निवृत्तीला चार महिने होते. साहेबांनी हे त्यांना फार गोड शब्दांत समजावलं. मी कानतपासणीच्या आलेखांची फाईल घेऊन शेजारी उभी होते.

मग साहेबांनी लल्लनला मोठ्यानं विचारलं, बोळे लावत होतास का. लल्लननं एकदा काकांकडे पाहिलं आणि हात जोडले.

"नहीं साहब. पंडितजी तो रोज डाँटते थे. हम ही नहीं लगाते थे."

काका साहेबांना म्हणाले, "झूठ बोल रहे हैं. तीन साल में एक दिन नहीं छोड़ा. मैंने कहा था कि कान बचेंगे, इसलिए लगाते रहे. गलती मेरी है, यही लिखिए." आणि कागद ओढून ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली, खाली आपली चूक लिहिली, सही केली.

लल्लन हात जोडून साहेबांकडेच बघत बसला होता.

व्हरांड्यात आल्यावर त्यानं माझा हात धरला. चेहरा नुसता फुलला होता. काका पुढे पायऱ्यांवर पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत होते.

"बिटिया, पंडितजी बच गए न?"

त्याला खरं सांगायचं तर मला ओरडून सांगावं लागलं असतं. मी मान हलवून हो म्हटलं.