जावयाच्या गाडीला धक्का

मागच्या दिवाळीत लासूर स्टेशनला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, आमची गाडी धक्का मारून सुरू करावी लागली. मागून सासरे आणि दोन मेहुणे ढकलतायत, आणि जावईबापू आत स्टिअरिंग धरून ऐटीत! धाकटा मेहुणा ओरडला, "दाजी, पुढच्या टायमाला बैलजोडीच पाठवतो!"

आता धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण आलं. बॅटरी नवी टाकूनही गाडी रोज सकाळी मेलेलीच. बायकोनं बजावलं, "रविवारी चालू झाली नाय तर एसटीनं जाऊ. अन् सोमवारी गाडी विकू."

मी शहागंजातून मल्टीमीटर आणला. दुकानदार म्हणाला, "करंट नापते वखत बॅटरी पे डायरेक्ट नक्को लगाओ, मियाँ."

घरी येऊन मी तेच केलं. ठिणगी उडाली, मीटरचा फ्यूज उडाला, मीही थोडा उडालो. परत दुकानात गेलो. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि नवा फ्यूज काढून ठेवला.

शनिवारी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मीटर जोडला. बंद गाडी जवळजवळ काहीच करंट खात नाही; आमची पॉइंट आठ अँपिअर खात होती. मी गाडीचा एकेक फ्यूज उपटतोय, बायको बॉनेटपाशी आकडा वाचतेय.

"पॉइंट आठ. पॉइंट आठच. अहो, खरंच उपटताय ना?"

सगळे फ्यूज हातात आले तरी आकडा हलेना. मी मटकन तिच्या सीटवर बसलो. सीट गरम! ती कधीची सांगत होती, मी म्हणायचो, ऊन आहे. सीटखाली हात घातला तर गाण्यांचा अँप्लिफायर, गुपचूप तापलेला. दिवाळीआधी मीच बसवलेला, सरळ बॅटरीवरून वायर ओढून, फ्यूज नि चावी दोन्ही टाळून. कारण गाडीचं वायरिंग करणारा फिटर मला फार शहाणपण शिकवत होता.

वायर खेचली.

"शून्य!" बायको एवढ्यानं ओरडली, की शेजारचे गॅलरीत आले. फ्यूज परत बसवले. आकडा नावालाच चढला. रात्री बॅटरी चार्ज करून आणली.

रविवारी गाडी एका चावीत सुरू. लासूरला पुरणाचे धोंडे हाणले आणि निघालो, तर मेहुणे बाह्या सारून गाडीमागं उभेच. चावी फिरवली. घर्रर्र! मेहुण्यांचे हात हवेतच. मग मी गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू केली. सासरे हसत म्हणाले, "लई झ्याक!"

तिसऱ्यांदा सुरू केली, तेव्हा बायकोनं चावीवर हात ठेवला. "बास आता. निघा."

सासऱ्यांसाठी अजून एकदाच बंद-चालू केली.