गरम गाडीवरची खोळ

माझी गाडी मोतिया रंगाची होती. कित्येक वर्षं नंबर लावून ती साठ सालानंतर कधीतरी दारात आली. तेव्हा मी अमरावतीच्या कोर्टात बऱ्यापैकी स्थिरावलेला वकील होतो आणि खरं सांगायचं तर बायकोपेक्षा गाडीकडे जास्त वेळा वळून पाहणारा माणूस होतो. घरामागे टिनाची एक खोली होती. वडिलांच्या काळी तिथे दमणी उभी राहायची. बैल गेले, दमणी गेली आणि त्या जागी माझी गाडी आली. खोलीला दार होतं, दाराला कुलूप होतं, तरी माझा जीव थाऱ्यावर नसे, कारण पलीकडेच कापसातली सरकी काढायचा जिन होता. कापसाचा हंगाम लागला की दाराच्या फटीतून रुईचे पुंजके आत यायचे, काळ्या मातीची धूळ यायची, आणि टिनाखालच्या वाशांवर बसणाऱ्या कबुतरांकडून जे यायचं ते यायचं.

आधी मी गाडीवर ताडपत्री घातली. आठ दिवसांनी काढून पाहतो तर आतून घाम फुटलेला आणि रंगावर पांढुरके डाग. गॅरेजचा मिस्त्री हसला.

"गाडीले बी वारा लागते ना, साहेब. अन् नवं कापड घालू नका, त्याच्यात खळ असते, रंगाले खरडते. जुनं घाला, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. गाडी पुसा, थंडी होऊ द्या, मंगच झाका."

जुनं मऊ कापड म्हटल्यावर मला गोधड्या शिवणाऱ्या मावशी आठवल्या. त्या जिनामागच्या वस्तीत राहायच्या. छप्पन साली त्यांच्या घराने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. नवरा जिनात मजुरीला होता, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या गोधड्या मावशींच्या हातच्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. वकील असून आपण कसं घरोब्याने बोलतो, याची मला ऐट होती. चारचौघांत मी ती मिरवायचोही.

मावशींनी सुतळीने गाडीचं माप घेतलं. नाकापासून मागच्या दिव्यापर्यंत, मग आडवं, मग आरशांपाशी गाठी मारून. वडील वारल्यावर पेटीत पडून राहिलेली त्यांची धोतरं आणि आईची दोन जुनी लुगडी मी त्यांना दिली. पंधरा-वीस दिवसांनी त्या खोळ घेऊन आल्या. घातली तर गाडीच्या अंगाबरोबर बसली, खाली बांधायला बंद, आरशांना वेगळ्या टोप्या. मागच्या बाजूला कापड कमी पडलं होतं, तिथे त्यांनी आपल्या घरचं एक पांढरं लुगडं फाडून जोडलं होतं. मी मागितलं नव्हतं. काम अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी आपण होऊन घातलं होतं.

आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. मावशी गेल्यावर ती म्हणाली, "त्यायच्या घरचं लुगडं कायले आपल्या गाडीवर? काढाले लाव ते."

"गाडीले कुठं विटाळ होते, आई?" मी हसून म्हणालो. "अन् मागच्या अंगाले हाये. कोणाले दिसते?"

हा संवाद मी पुढे बाररूममध्ये रंगवून सांगत असे. आईची कशी जिरवली, असा त्याचा सूर असायचा. 'कोणाले दिसते' हे माझंच वाक्य होतं, ते कोणाला खटकलं नाही. मलाही नाही.

मावशींची थोरली मुलगी मॅट्रिक झाली होती. अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगची निवड होती आणि तिने अर्ज केला होता. अर्ज मीच तपासून दिला होता. वयाची अट होती आणि तिचं ते शेवटचंच वर्ष होतं. यंदा हुकलं तर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. त्या अर्जावरची जन्मतारीख मी स्वतः लाल पेन्सिलीने खूण करून पाहिली होती.

माघातली लग्नसराई होती. त्या दिवशी सकाळी मी मेहुण्याला बडनेऱ्याला आगगाडीवर सोडून परत येत होतो. थंडी मरणाची. बसस्टँडच्या वळणावर मावशी आणि त्यांची मुलगी उभ्या दिसल्या. मुलीच्या हातात कागदांची पिशवी, मावशींच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर. बस येऊन गेलेली दिसत होती आणि मागे राहिलेल्या त्या दोघी तिच्याच दिशेने पाहत होत्या. माझ्या गाडीची मागची सीट रिकामी होती. मी मान सरळ ठेवली आणि तसाच पुढे निघून आलो.

घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं की त्या आपल्याकडेच येणार. दुसरं कोणाकडे जाणार? मी गाडी आत घातली, पुसली नाही, थंड होऊ दिली नाही, भराभर खोळ ओढली. घाईत पुढच्या कोपऱ्याची शिवण टरकन उसवली. बंद बांधून उभा राहतो न राहतो तोच मागच्या गल्लीतून दोघी आल्या. चालून चालून मुलीला धाप लागली होती.

"भाऊ, मोटार वऱ्हाड्यायनंच भरून गेली," मावशी म्हणाल्या. "आगगाडी बी गेली. पोरीले अकरा वाजता बलावलं हाये. तुमी तेवढं अकोल्याले सोडून देता का? मी नाई येत, तिले एकटीले न्या."

"गाडी बिघडली न, मावशी," मी म्हणालो. "परवापासून हालत नाही. हे पाहा, झाकूनच ठेवली आहे."

आणि खरं वाटावं म्हणून मीच दार पुरतं उघडून त्यांना आत नेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

मावशींनी गाडी पाहिली. त्यांचं लक्ष उसवलेल्या शिवणीकडे गेलं. शिवणाऱ्या बाईचं ते जाणारच. त्या पुढे झाल्या आणि टाका किती गेला ते चाचपायला त्यांनी तिथे हात ठेवला. इंजिनाच्या वरच तो कोपरा होता. त्यांचा हात तिथे थांबला. मग दुसरा हातही त्यांनी शेजारी ठेवला, शेगडीशी ठेवावा तसा. मी बाजूला उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "टाका गेला हाये. पाठवून द्या, शिवून देईन." आणि मुलीला म्हणाल्या, "चाल, बाई."

कापसाच्या गाठींचा एक ट्रक अकोल्याकडे निघाला होता, त्यात त्या बसून गेल्या. ट्रक मूर्तिजापूरला माल उतरवायला थांबला. त्या पोचल्या तेव्हा दीड वाजून गेला होता आणि निवड संपली होती. हे मला बायकोने सांगितलं. तिला वाटत होतं, गाडी खरंच बिघडली आहे.

का नाही म्हणालो मी? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अकोल्याच्या रस्त्यावर तेव्हा गिट्टी पसरली होती आणि मला रंगाची काळजी होती. वकिलाला आपली बाजू मांडायला काय लागतं! पण आठच दिवसांपूर्वी चुलतभावाच्या वरातीसाठी हीच गाडी मी तेल्हाऱ्याला दिली होती. तो रस्ता तर याहून वाईट. दारावर हातभर ओरखडा घेऊन ती परत आली आणि मी हसून म्हटलं होतं, 'लग्नघर म्हटल्यावर चालायचंच.' म्हणजे रस्ता आड आला नव्हता. अमरावतीच्या भर रस्त्यातून जिनामागच्या वस्तीतली ती मुलगी माझ्या गाडीत बसून जाताना दिसली असती, एवढंच होतं. आईला मी हसलो, पण आई निदान तोंडावर बोलत होती.

पुढच्या आठवड्यात खोळ घेऊन मी स्वतः मावशींच्या घरी गेलो. त्या कितीदा आमच्याकडे आल्या असतील, मी त्यांच्या दारी पहिल्यांदाच जात होतो. सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. मुलगी अंगणात सरपण फोडत होती. तिने कुऱ्हाड खाली ठेवून मला बाज टाकून दिली आणि आत निघून गेली. मावशींनी खोळ घेतली. "परवा घेऊन जा," म्हणाल्या. मी बरं म्हणून उठलो आणि जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन परत आलो.

परवा गेलो. खोळ नीट घडी घालून ठेवलेली होती. ती हातात देताना त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, गाडी गरम असली का झाकत जाऊ नका. कपडा खराब होते."

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर त्यांनी मला भाऊ म्हटलं नाही. त्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं, ती बार्शीटाकळीला गेली, आणि तिथे शेतात रोजाने जाते असं ऐकलं.

घरी येऊन मी गाडीवर खोळ पसरली. पुढची शिवण इतकी बारीक घातली होती की कुठे उसवलं होतं ते सापडेना. मग मागे गेलो. तिथलं पांढरं लुगडं नव्हतं. मावशींनी ते टाका न् टाका उसवून काढून घेतलं होतं आणि त्या जागी माझ्याच वडिलांच्या धोतरांच्या, कापून उरलेल्या बारक्या चिंध्या एकीला एक जोडून लावल्या होत्या.

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही पाहिलं.

"काढलं का ते?" ती म्हणाली. "बरं झालं."

मी खाली बसून बंद बांधत राहिलो.