मामा येईपर्यंत

आमच्या घरात सरकारी नोकरी बायकोची आणि सरकारी हमाली माझी. ती उपकेंद्रात नर्स. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एसटी जात नाही अशा एका वस्तीवर महिन्यातून एकदा ती लेकरांना लसी टोचायला जाते. तिथं जायला माझी जुनी जीप लागते, आणि जीपसोबत मी फुकट येतो. एका उन्हाळ्यात, बर्फ आहेच तर म्हणून, मी लसीच्या डब्यात ताकाची बाटली ठेवली होती. तेव्हापासून डबा बायकोच्या मांडीवर असतो आणि मला त्याला हात लावायची बंदी आहे.

माझं काम वेगळं. सुई टोचताना लेकरासमोर वेडीवाकडी तोंडं करायची. पण बहुतेक लेकरं सुईच्या आधी मला पाहूनच रडतात.

वस्तीवरची एक आजी आपल्या नातीला सुई लावू देत नसे. "थेंब द्या बाई. थेंबात लोखंड नाई."

पोरगी नवसाची होती. सून आधी दोनदा पोटुशी राहून रिकामी झाली, तेव्हा आजी डोंगरातल्या देवीला बोलली होती : लेकरू जगलं तर जावळ तुझ्या पायाशी काढीन, आणि तोवर त्याच्या अंगाला लोखंड लावणार नाही. कात्री नाही, पत्ती नाही, मग सुई तरी कशी चालणार? जन्म घरीच झालेला, त्यामुळं तिला दवाखान्याची सुईही लागली नव्हती.

आता गोवराची लस द्यायची वेळ आली होती. बायको म्हणाली, "मावशी, खालच्या गावात गोवर निघाला हाये. जावळ लवकर काढून घ्या न, काऊन थांबता?"

"जावळ मामाच्या मांडीवर काढा लागते, बाई. अन मामा कामाले सुरतेले. दिवाळीले येईन."

बायको दम देणाऱ्यातली नाही. ती खाली बसून बोलत राहिली. सुई लोखंडाची नसते, स्टीलची असते, हेही सांगून पाहिलं.

"स्टील का आभायातून पडते?" आजीनं विचारलं.

सून दाराआड उभी होती. लस द्यावी असं तिच्या मनात होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण सासूपुढं ती बोलली नाही.

मग मी पुढं झालो. "मावशी, मी होतो मामा. द्या मांडीवर."

आजीनं माझ्या डोक्याकडं नीट पाहून घेतलं. "देवी म्हणन, ह्या बुढ्याचंच जावळ निघालं, आता कोणाचं काढता बाप्पा!"

जमलेल्या सगळ्या बाया हसल्या. मी टकलावरून हात फिरवत हसलो, बायको हसली, सुनेनंही तोंडाला पदर लावला. त्या हशातच आजीनं पोलिओचे थेंब तेवढे पाजून घेतले आणि पोरीला घेऊन घरात गेली.

परतताना वरवट बकालला चहा घेतला, तिथंच हा किस्सा मी सांगून टाकला. मग घरी सांगितला, पाहुण्यांना सांगितला. आता सांगत नाही.

दिवाळीच्या आधी त्या घराच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला; पोरीला गोवर निघाला होता. कळलं तशी आम्ही जीप काढली आणि पोरीला जळगाव जामोदला दवाखान्यात नेलं. आजी मागं बसली होती, तापलेल्या पोरीवर पदर धरून. पोरगी जगली. पण उजव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं दिसेनासं झालं.

दिवाळीला मामा आला. जावळाला आम्हालाही बोलावणं होतं. मिसरूड फुटलेला पोरगा, भाचीसाठी सुरतेहून चमकीचा फ्रॉक आणि लाल काचांचा इवलासा गॉगल घेऊन आला होता. डोळ्याचं त्याला फोनवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला आजी सगळ्यांच्या आधी हजर. पोरीच्या डोक्यावर नुकते केस उगवू लागलेले, नाकावर तो गॉगल. आजीनं स्वतःच तिची बाही वर केली. बायकोनं सुई टोचली. पोरगी ओरडली, गॉगल खाली पडला. मी तोंड वेडंवाकडं केलं, तशी डाव्या डोळ्यानं माझ्याकडं बघत ती थांबली.

"बाई, तवाची राह्यलेली सुई तेच हाये न हे?"

"हाव, मावशी."

"मंग आता फूल जाईन न डोयातलं?"

बायकोनं तिचा हात हातात घेतला. "नाई, मावशी. हे पुढच्यासाठी हाये. डोळा आपण अकोल्याले दाखवू. मी येईन संगं."

आजीनं पोरीची बाही खाली ओढली. मग माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमी काऊन चूप हा? येरवी तर लय बोलता."

मी गॉगल उचलला, शर्टाला पुसला, पोरीच्या कानांवर बसवला. मग लसीचा डबा उचलून जीपमध्ये नेऊन ठेवला. बंदी होती, तरी बायकोनं तो नेऊ दिला.