औषधातलं बाकीचं

माझ्या मुलीला पाचव्या वर्षी फिट येऊ लागल्या. खेळता खेळता ती एकदम ताठ व्हायची आणि पडायची. औषधं बदलून झाली, दोन-दोन एकत्र देऊन झाली, फरक पडेना. शेवटी गोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता तिच्या खाण्याकडेच औषध म्हणून बघायचं. भात बंद, पाव बंद, साखर अजिबात नाही. खोबरेल, लोणी, अंडी, मासे, तेही वजनकाट्यावर तोलून. अंगाला साखर मिळाली नाही की ते चरबी जाळतं आणि त्यानं काही मुलांच्या फिट थांबतात, एवढं मला कळलं.

आमच्या आरोंदा गावात भात बंद म्हणजे जेवणच बंद. पहिल्या आठवड्यात ती माझ्या ताटाजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आये, फक्त तोंडात घालतंय आणि थुकतंय. मी गिळूचंय नाय."

मी ताट उचलून आत गेले. त्यानंतर ती शाळेत गेल्यावरच आमच्या घरी भात वाढला जायचा.

पण फिट थांबल्या. ती पुन्हा सायकल चालवू लागली. तिचा बाबा मागे धावायचा, आणि ती त्याला मागे टाकून खाडीच्या रस्त्यानं निघून जायची.

पावसाळा संपता संपता तिला ताप आला. गावातल्या डॉक्टरांना तिचं पथ्य माहीत होतं. त्यांनी तापाचं नेहमीचं सिरप दिलं. मी बाटली वाचली. वर औषधाचं नाव होतं, खाली बारीक अक्षरात 'चव घातलेलं सिरप' एवढंच लिहिलं होतं. चव म्हणजे वास, रंग, असंच आम्हाला वाटलं. तिनं चमचा चाटूनपुसून घेतला. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडात गोड गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात पडली. संध्याकाळी परत. तिचा बाबा तिला कुशीवर धरून बसला होता आणि मी गोव्याला फोन लावत होते. बाईंनी सिरपचं नाव विचारलं.

"त्यात साखर असते," त्या म्हणाल्या. "ते ताबडतोब बंद करा."

म्हणजे त्यानंच झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तापानंही फिट येऊ शकते. साखरेनं आली, तापानं आली की दोन्हींनी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. यापुढे गोळी द्या, पण गोळीतही पिठूळ पदार्थ असतात, दुधातली साखर असते. कुठल्या गोळीत किती, ते कंपनीला विचारा.

तिचा बाबा आणि मी वेंगुर्ल्याच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदारानं तापाच्या होत्या तेवढ्या गोळ्यांची पाकिटं काउंटरवर मांडली. प्रत्येकावर औषधाचं वजन छापलेलं होतं, आणि त्याखाली एकच शब्द: एक्सिपियंट्स. म्हणजे गोळीत औषध सोडून जे बाकीचं असतं ते सगळं. गोळी बांधायला, पोटात विरघळायला ते लागतंच आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. आमच्या मुलीला मात्र त्यातलंच मोजायचं होतं.

"वहिनी, औषध किती ता हयसर लिवलेला आसा," दुकानदार म्हणाला. "बाकीचा काय घातलानी ता माका कोण सांगतलो?"

त्यानं कुडाळच्या होलसेलवाल्याला फोन केला. त्यालाही माहीत नव्हतं. मी पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी अदबीनं बोलली, मेल पाठवा म्हणाली. मी मेल पाठवला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: याबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी ते बाईंना वाचून दाखवलं. त्या कसनुशा हसल्या.

त्यांनी दुसरी वाट सुचवली: तापाच्या औषधाची, गुदद्वारातून द्यायची मेणासारखी वडी; तिच्यात साखर नसते. ती फ्रिजमध्ये ठेवायची. मी गोव्याहून आणून ठेवली. वादळात आमची वीज गेली ती लवकर आलीच नाही. डबा उघडला तेव्हा वड्या वितळून पाकिटातच चपट्या झाल्या होत्या. तिचा बाबा डबा हातात घेऊन उभा राहिला.

फिट कमी झाल्या, पण आधीसारख्या पूर्ण थांबल्या नाहीत. आता सायकल ती अंगणातच फिरवते, आणि तिचा बाबा बाजूनं चालतो. थोडी कणकण आली तरी आम्ही तिला अंगणातही सोडत नाही. गेल्या महिन्यात ताप आला तेव्हा आम्ही दोघं ओली फडकी घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. तिनं विचारलं, "औषध नाय देवचा?"

बाबानं फडकं पिळलं आणि तिच्या कपाळावर ठेवलं. "बघूया गो," तो म्हणाला. "आधी ह्याच्यान उतरता काय बघूया."