डॉक्टरणीने पुसलेलं कुंकू

यांच्या पिंपरीतल्या कंपनीने यांना नवी मशीन शिकायला जर्मनीला धाडलं. शेवटचे काही महिने मीही तिथे होते. मुलगी सासूबाईंजवळ चिंचवडलाच राहिली.

तिथल्या थंडीत माझ्या कपाळाला खाज सुटली. कुंकवाच्या जागी कातडी लाल झाली, मग तिथून पाणी यायला लागलं. यांनी मला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होती. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं. यांचं इंग्रजी मशीनपुरतं आणि माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला तर चार माणसांत मराठीतही तोंड उघडवत नाही. मी खुर्चीत गप्प बसले आणि माझ्या कपाळाबद्दल ते दोघं हातवारे करून बोलत राहिले.

मध्येच तिने कापूस ओला केला आणि न विचारता माझं कुंकू पुसलं. लाल झालेला कापूस माझ्यासमोर धरला, कपाळाकडे बोट दाखवलं आणि नाही, नाही अशी मान हलवली. मग यांच्याकडे वळून तेच सावकाश पुन्हा सांगितलं. मला रडू आलं. नवरा शेजारी जिवंत बसलेला आणि ही बया कुंकू पुसते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"मलम दिलंय. सकाळ-संध्याकाळ लाव."

"आणि कुंकवाचं काय?"

"तिला काय कळतंय आपल्यातलं? तू लाव."

मी लावलं. आधी मलम, त्यावर मेण, त्यावर कुंकू. त्या बाईला मनात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या जन्मात कुणाला घातल्या नाहीत.

चिंचवडला परतल्यावरही खाज थांबली नाही. हळूहळू तिथली कातडी पांढरी पडली. डाग झाकायला मी कुंकू मोठं करायची, की डाग त्याहून मोठा व्हायचा.

मुलगी लग्नाची झाली. पुनावळ्याहून स्थळ आलं. मुलाची आई मुलीकडे कमी आणि माझ्या कपाळाकडेच जास्त बघत होती. निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण आईला कोड आहे, आमच्यात चालत नाही. मुलगी पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशा विसळत बसली.

मग आम्ही स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट पाहिलं. "बाई, हे कोड नाही. कुंकवातल्या रंगाने झालंय. मुलीला काही होणार नाही. पण कुंकू बंद करा. पहिल्यांदा खाज सुटली तेव्हाच बंद केलं असतं तर एवढं झालं नसतं. कुणी सांगितलं नाही का?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

रस्त्यात मी म्हणाले, "अहो, तीही हेच सांगत होती ना?"

"सांगत होती."

"तुम्हाला कळलं होतं?"

"तेवढं कळलं होतं. पण बायकोला कुंकू पुस म्हणून कुठला नवरा सांगेल? उद्या माझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"म्हणून माझं झालं."

"आता रस्त्यात तमाशा नको."

कंपनीत मशीनवर 'हात लावू नका' अशी पाटी असली, तर हे हात लावतील का? साहेबाने सांगितलेला शब्द न शब्द हे घोकत होते. माझ्या कपाळाचं बोलणं मात्र यांनी गिळलं, आणि मी त्या परक्या बाईला शिव्या देत राहिले.

पुढचं स्थळ चाकणचं. मुलगी म्हणाली, "आई, आजच्या दिवस लाव ना." मी लावलं नाही. मुलाच्या आईने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे बोलायला लागले, "तिला जरा त्रास..."

"मी सांगते," मी म्हणाले. "हे कोड नाही. कुंकवाने झालंय. तिकडच्या डॉक्टरणीने तेव्हाच सांगितलं होतं. यांनी मला सांगितलं नाही."

बाईने बशी खाली ठेवली. "व्हय भाऊ, खरं हाय का?"

"हो."

"मंग कोड तुमच्या जिभेला हाय म्हना."

लग्न जमलं. मुलगी त्याच घरात आहे. हे अजून म्हणतात, शेवटी चांगलंच झालं ना. डाग तसाच आहे. डॉक्टरकडे मी आता एकटी जाते.